अण्णांची सातवी आणि माझं बी.टेक.

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी आजचं बोलणं लिहून टाकतोय. बोलताना माझ्या तोंडात जे पन्नास वेळा 'म्हणजे' येतं, ते तेवढं कमी केलंय.

आजचा विषय मी शोधलेला नाही, तो फोनवरून आला. जून महिन्यातल्या एका रविवारी सकाळी अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. ते सहसा फोन करत नाहीत, आणि केला तर दीड मिनिटात ठेवतात. त्या दिवशी वीस मिनिटं बोलले. त्यांच्या नातवाला, म्हणजे माझ्या चुलत भावाच्या मुलाला, दहावीला ७८ टक्के पडलेत. आणि पोरगा म्हणतोय, मला पुढं शिकायचं नाही, मला गलाईला जायचंय.

"तू समजव त्याला," अण्णा म्हणाले. "तू शिकलेला हाईस. तुझं ऐकंल."

आमच्या भागाबाहेरच्या लोकांना गलाई म्हणजे काय ते सांगावं लागतं. सांगली जिल्ह्याचा पूर्वेचा दुष्काळी पट्टा घ्या. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ. त्याला लागून साताऱ्याचे खटाव आणि माण. पाऊस बेताचा, रान माळाचं. या तालुक्यांतली माणसं कित्येक दशकं देशभर पसरलीत, सोनं-चांदी गाळायला. सोनाराकडची मोड, जुने दागिने, अगदी दुकानातली झाडलोटसुद्धा आणायची, मुशीत घालून भट्टीवर वितळवायची, ॲसिडात घालून शुद्ध करायची आणि शुद्ध माल परत द्यायचा. तमिळनाडूत जा, केरळात जा, दिल्लीला जा, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात विट्याकडचा मराठी बोलणारा माणूस भेटतो. अण्णांची पेढी मदुराईला. आता ती माझा चुलत भाऊ, दादा, चालवतो.

मी पुतण्याला फोन लावला. मनात भाषण तयार होतं. त्यानं दोन वाक्यांत त्याची हवा काढली. म्हणाला, "काका, तुमच्या टीममध्ये ह्या वर्षी किती फ्रेशर घेतले?"

एक. मी खरं सांगितलं, एक.

"आणि पप्पांच्या दुकानात आपल्या गावची चार पोरं आहेत. चौघंही दहावी नापास. चौघांनी घरं बांधली."

मला उत्तर देता आलं नाही. मी म्हणालो, रात्री फोन करतो. तो रात्रीचा फोन मी चार दिवसांनी केला. मधल्या चार दिवसांत जे वाचलं आणि जे आठवलं, ते आज सांगतोय.

तर शिक्षणानं कमाई किती वाढते, या प्रश्नावर अर्थशास्त्रात एक फार गाजलेलं समीकरण आहे. जेकब मिन्सर नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९७४ च्या पुस्तकात ते मांडलं. आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना ते लगेच कळतं, कारण त्यात इनपुट दोनच: शाळेत घालवलेली वर्षं आणि कामाचा अनुभव. आउटपुट म्हणजे पगार. ही जी शाळेची वर्षं आहेत त्यातलं प्रत्येक जास्तीचं वर्ष पगारात किती टक्के भर घालतं, तो आकडा काढायचा. जगभर हे समीकरण इतक्या वेळा चालवलं गेलं की साखारोपुलोस आणि पॅट्रिनोस या दोघांनी २०१८ साली १३९ देशांतले असे आकडे गोळा केले. सरासरी आली वर्षाला साधारण ९ टक्के. बायकांच्या बाबतीत पुरुषांपेक्षा दोनेक टक्के जास्तच.

९ टक्के ऐकायला कमी वाटतं, पण ते चक्रवाढीनं वाढतं. दहावी झालेला माणूस महिना २० हजार कमावत असेल, तर सहा वर्षं जास्त शिकलेला, म्हणजे इंजिनिअर झालेला, सरासरीनं साडेतेहतीस हजाराच्या आसपास जातो. माझं तयार भाषण हेच होतं. चार्ट दाखवायचा आणि पोराला गप्प करायचं.

पण त्यात एक मोठी खोट आहे. जी पोरं जास्त शिकतात ती मुळात कशी असतात? घरचं बरं असतं, बाप शिकलेला असतो, नाहीतर पोर स्वतः तल्लख असतं. तसली पोरं शाळेत नसती गेली तरी चार पैसे जास्त मिळवतीलच की. मग पगार शाळेमुळं वाढला, का ज्याचा पगार वाढणारच होता तोच शाळेत टिकला? समीकरणाला हे कळत नाही.

आता माझ्या घरातली गोष्ट. अण्णा आणि पप्पा सख्खे भाऊ. अण्णा १९६० चे, पप्पा १९६६ चे. आई एक, बाप एक, रान एक, शाळा एक. आणि गणितात अण्णा पप्पांपेक्षा तेज. हे पप्पाच सांगतात. अण्णा आजही तोळ्याचे ग्रॅम, ग्रॅमचा टंच आणि टंचाचे रुपये तोंडी करतात, आणि मी मोबाईल काढेपर्यंत उत्तर सांगून मोकळे होतात.

तरी अण्णा सातवीत थांबले आणि पप्पा बारावी होऊन डी.एड. झाले. कारण बुद्धी नव्हे, कारण वर्ष. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा अण्णा बारा वर्षांचे होते आणि पप्पा सहा. बारा वर्षांचं पोर आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जाऊ शकतं. सहा वर्षांचं जाऊ शकत नाही. ते शाळेत राहिलं, सुकडी खाल्ली, आणि दुष्काळ सरल्यावर पुढच्या वर्गात गेलं. अण्णांची शाळा सुटली ती सुटलीच. पंधराव्या वर्षी गावच्या एका माणसाबरोबर ते मदुराईला गेले.

गंमत म्हणजे याच युक्तीनं एका बाईंनी मोठं संशोधन केलंय. एस्थर डुफ्लो. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यातल्या एक. दुसरे अभिजित बॅनर्जी, जे जन्मानं मुंबईचे. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, इंडोनेशियाच्या सरकारकडं पैसा आला आणि पाच-सहा वर्षांत त्यांनी ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. डुफ्लोंनी काय केलं, ज्या भागात जास्त शाळा झाल्या तिथली शाळेत जाण्याच्या वयाची लहान पोरं आणि ज्यांचं वय उलटून गेलं होतं अशी मोठी पोरं, यांच्या पुढच्या कमाईतला फरक काढला. मग जिथं शाळा कमी झाल्या तिथला तोच फरक काढून दोन्ही ताडून पाहिले. यात पोराची हुशारी आड येत नाही, कारण कुणी कोणत्या साली कुठं जन्मावं हे हुशारीवर ठरत नाही. २००१ साली तो पेपर आला. उत्तर आलं: शाळेच्या प्रत्येक वर्षामागं साधारण ७ ते साडेदहा टक्के. म्हणजे शाळा खरोखर कमाई वाढवते, नुसती हुशार पोरं गोळा करत नाही. अण्णा आणि पप्पांच्या मधल्या सहा वर्षांसारखीच ही गोष्ट, फक्त लाखो भावांची.

इथं थोडं थांबून एक सांगतो. अण्णांची शाळा सुटली ती फी नव्हती म्हणून नाही. फी अशी काही नव्हतीच. शाळेत बसलं की दिवसाची मजुरी बुडत होती, आणि त्या वर्षी ती मजुरी म्हणजे घरातली भाकरी होती. गरिबाच्या शिक्षणाचा सगळ्यात मोठा खर्च हा बुडालेल्या रोजाचा असतो.

आणि हे ज्या माणसाला सगळ्यात आधी कळलं तो आपल्याच भागातला. कर्मवीर भाऊराव पाटील. जन्म १८८७ चा, कुंभोजचा, घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. स्वतः मॅट्रिकसुद्धा झालेले नव्हते. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत खेडोपाडी फिरले. तो नांगर म्हणजे त्या काळचं नवं तंत्रज्ञान, आणि तो विकताना कुणब्याच्या घरात काय चाललंय ते त्यांनी आतून बघितलं असणार. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्याला आणली. आपण शाळेत त्यांची जयंती साजरी करतो, भाषणं ऐकतो आणि ऊन लागून एखादी मुलगी चक्कर येऊन पडते, एवढंच डोक्यात राहतं. पण त्यांनी काय केलं ते नीट बघा. नुसती शाळा काढली नाही, आधी बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहणार, एकत्र जेवणार, रानात काम करणार आणि शिकणार. बोर्डिंगमधल्या पोरांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९२७ साली गांधीजी ते बोर्डिंग बघून गेले. १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. पोराची मजुरी बुडते ना, मग मजुरी शाळेच्या आतच द्या. अर्थशास्त्राच्या भाषेत यासाठी जाडजूड शब्द आहेत. कर्मवीरांनी त्यासाठी कुदळ आणि ताट दिलं.

आपण आता फार पुढं आलोय असं वाटत असेल तर दिवाळीनंतर कृष्णाकाठच्या कुठल्याही ऊसपट्ट्यात जाऊन या. बीडकडून तोडणीला जोड्या येतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि फडाच्या कडेला पालात त्यांची पोरं दिसतात. शाळेचं अर्धं वर्ष कोयत्याच्या मागं गेलं की बाकीच्या अर्ध्याला काय अर्थ उरतो. बारा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन बसते, म्हणजे आईला मोकळ्या हातानं मोळ्या बांधता येतात. अण्णांचं १९७२ तिच्यासाठी दरवर्षी येतं. आणि ती साखर आपण खातो, तिच्यावरच आपली गावं श्रीमंत झाली.

असो. आता खरी अडचण.

समीकरणाप्रमाणं पप्पांनी अण्णांपेक्षा जास्त कमवायला हवं होतं. नाही कमावलं. पप्पा १९८८ ला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. गावातलं आमचं घर अण्णांच्या पैशानं बांधलं. पप्पांच्या डी.एड.चा खर्च अण्णांनी केला. माझ्या बी.टेक.च्या हॉस्टेलचे चार वर्षांचे पैसे मदुराईहून यायचे. सातवी पास माणसाच्या भट्टीवर आमच्या घरातल्या दोन पिढ्या शिकल्या. मिन्सरच्या तक्त्यात माझी सोळा वर्षं माझ्या नावावर पडतात आणि अण्णांच्या नावावर सात. तक्ता चुकीचा नाही, पण त्याला एक घर दिसत नाही, सुटी सुटी माणसं दिसतात.

मग अण्णांना एवढी कमाई कशी झाली? कष्ट होतेच. पण दुसरी गोष्ट ओळख. कुणाचा तरी मेव्हणा मदुराईला असतो, तो भाच्याला नेतो, भाचा गल्लीतल्या मित्राला नेतो. गलाईत सोनं दुसऱ्याचं असतं. ते हातात देताना सोनार तुमची मार्कशीट मागत नाही, तुम्ही कुणाचे कोण हे विचारतो. भावकी आणि पाहुणे हीच तिथली डिग्री.

याच गोष्टीवर एक अभ्यास आपल्या मुंबईत, दादरला झालाय. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या दोघांनी दादरच्या हजारो मराठी कुटुंबांची माहिती घेतली. त्यांचा पेपर २००६ साली आला. १९९० नंतर बाजार खुला झाला, ऑफिसच्या नोकऱ्या वाढल्या आणि इंग्रजी येणाऱ्याचा पगार भराभर वाढायला लागला. तरी ज्या जातींतल्या पुरुषांची गिरणीत, कारखान्यात, गोदीत पिढ्यान् पिढ्यांची वट होती, त्या घरांतली पोरं मराठी माध्यमातच जात राहिली. कारण बापाच्या ओळखीनं काम मिळणार हे पक्कं होतं. मग नव्या संधी कुणी घेतल्या? त्याच घरांतल्या मुलींनी. त्यांना गिरणीत ओळखीनं कुणी घेणार नव्हतं, म्हणून त्यांना अडवून धरणारंही काही नव्हतं. त्या इंग्रजी माध्यमाकडं वळल्या.

हे वाचलं आणि मला आमची ताई आठवली. ताई म्हणजे अण्णांची मुलगी, दादाची धाकटी बहीण. दादा दहावीनंतर मदुराईला गेला. ताईला गलाईत कोण नेणार? मुलगी ना. ती बारावी झाली, मिरजेत नर्सिंग केलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, १८९४ ला डॉक्टर वॉनलेस यांनी तिथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासूनचं. ताई आज पुण्यात एका दवाखान्यात सिस्टर आहे, आणि तिच्या पगाराला तेजी-मंदी नाही. तिला कुणी मुद्दाम शिकवलं असं नाही, दुसरा रस्ताच नव्हता. मला हे बोलताना थोडी लाज वाटते, पण आमच्या घरात तिच्या शिक्षणाबद्दल कुणी अभिमानानं बोललेलं मी ऐकलं नाही. माझ्या बी.टेक.चे पेढे अख्ख्या गावाला वाटले होते.

आणि दादरच्या गोष्टीतल्या त्या गिरण्यांचं पुढं काय झालं ते साताऱ्याच्या लोकांना सांगायला नको. घाटावरच्या प्रत्येक गावातले बाप्ये गिरणीत होते. गावच्या खोल्या, गावच्या खाणावळी, गावचा जॉबर. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बहुतेक जण परत आत गेलेच नाहीत. ज्या ओळखीनं काम मिळालं होतं ती ओळख तशीच होती. पण ओळखीतले सगळेच एकदम बेकार झाले, मग कोण कुणाला लावणार? सगळ्यांचा हात एकाच दोरीला, आणि दोरीच तुटली.

थिओडोर शुल्ट्झ म्हणून एक अर्थतज्ज्ञ होऊन गेले, त्यांचाही मुद्दा असाच होता. काम वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं चालत असेल तर शिकलेला आणि न शिकलेला यांत फारसा फरक पडत नाही, हाताची सवय पुरते. फरक पडतो तो पद्धत बदलते तेव्हा. हरितक्रांतीच्या वेळच्या आपल्या देशातल्या शेतीचे आकडे घेऊन फॉस्टर आणि तेच रोझेनझ्वाइग यांनी १९९६ साली हे दाखवलंही. नवं बियाणं जिथं जास्त रुजलं तिथं प्राथमिक शिक्षण झालेल्या शेतकऱ्याला जास्त फायदा झाला.

याचा पुरावा बघायला पेपर वाचायची गरज नाही, तासगावच्या द्राक्षबागेत जा. जीएचं पाणी करायचं तर पीपीएमचा हिशोब, म्हणजे ग्रॅम आणि लिटरचं त्रैराशिक. चुकलं तर घडाचं वाटोळं. माल युरोपला पाठवायचा तर कुठलं औषध किती दिवस आधी थांबवायचं हे लेबलवर वाचावं लागतं. २०१० ला सीसीसी नावाच्या वाढरोधकाचे अंश सापडले आणि आपली द्राक्षं युरोपात अडकली, ते वर्ष आमच्याकडच्या बागायतदारांना अजून आठवतं. जोंधळा पेरणाऱ्या आजोबांना अक्षर नसलं तरी पीक येत होतं. बाग लावली त्या दिवशी अक्षराला भाव आला.

आता गलाईकडं परत येतो. अण्णा कसोटीच्या दगडावर दागिना घासायचे, रेघेचा रंग बघायचे आणि टंच सांगायचे. त्यांची नजर हीच त्यांची इस्टेट. आज दागिना मशीनखाली ठेवला की आकडा छापून येतो. नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली आणि रोखीचा धंदा एका रात्रीत आवळला. २०१७ ला जीएसटी आला. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्किंग सक्तीचं झालं, दागिन्यावर सहा अक्षरांचा नंबर आला. आता बिल, रिटर्न, पोर्टल, ओटीपी. अण्णा २०१८ ला गावी आले ते कायमचे. वय झालं, ॲसिडच्या धुरानं खोकला लागला, हे खरंच. पण एकदा ते मला म्हणाले होते, "दुकान माझं, आणि कागूद वाचायला मला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघाय लागतंय."

पप्पा २०२४ ला निवृत्त झाले. २००५ च्या आधी लागलेले, त्यामुळं जुनी पेन्शन. तीस वर्षं अण्णा पुढं होते. आता महिन्याच्या महिन्याला पप्पांच्या खात्यात पैसे येतात आणि अण्णांच्या औषधांची चिठ्ठी पप्पा घेऊन जातात. दोघं त्यावर काही बोलत नाहीत.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, बघा, शेवटी शिक्षणच जिंकलं. तसं सरळ नाही. पप्पांचं डी.एड. १९८६ चं. आमच्या आत्याच्या मुलानं तेच डी.एड. २००९ ला केलं. तोवर गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघालेली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत शिक्षक भरती जवळजवळ थांबली. तो आज टेम्पो चालवतो. घराणं एक, पदवी एक, अभ्यासक्रम दोन वर्षांचाच. एकाला पेन्शन, एकाला टेम्पो. इंजिनिअरिंगचंही तेच. १९८३ ला वसंतदादांच्या सरकारनं खासगी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, म्हणून माझ्यासारख्या खेड्यातल्या पोराला इंजिनिअर होता आलं. दादा स्वतः फार शिकलेले नव्हते. त्या दारातून मी आत आलो हे मी विसरत नाही. पण त्याच दारातून माझ्यामागं इतके जण आले की माझ्या टीमला एका जागेसाठी आलेले अर्ज मी मोजायचे सोडून दिले. पुतण्याचा प्रश्न उर्मट नव्हता, बरोबर होता. पलीकडं काम असेल तर शाळेचं वर्ष फळतं. नसेल तर ते नुसतं वर्षच राहतं.

तर चार दिवसांनी मी फोन केला, पण पुतण्याला नाही, आधी दादाला. एकच प्रश्न विचारला. दुकानात सगळ्यात जास्त पगार कुणाला देतोस?

दादा हसला. म्हणाला, भट्टीवरचा जुना माणूस सोडला तर त्या कॉम्प्युटरवाल्याला. कोण तो? तिथलाच तमिळ मुलगा, बी.कॉम. बिलं, जीएसटी, हॉलमार्क सेंटरची पत्रं सगळं तो बघतो. ना भावकीतला, ना गावातला. "ते पोरगं एक दिवस आलं न्हाय तर दुकान हुबं ऱ्हातं," दादा म्हणाला. मग थोडा गप्प बसला आणि म्हणाला, "मी दहावीला गणितात नापास झालतो, तुला म्हाईताय."

मग पुतण्याला फोन केला. भाषण केलं नाही. चार पोरांनी घरं बांधली हे खरं आहे म्हणालो, माझ्या टीममध्ये एकच फ्रेशर घेतला हेही खरं आहे. तुझ्या बापाच्या दुकानातल्या पाचव्या माणसाला पगार किती आहे ते विचार, एवढंच सांगितलं. तो काही बोलला नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

जुलैत त्यानं विट्याला अकरावीत प्रवेश घेतला. कॉमर्सला. अण्णांचा लगेच फोन, "सायन का न्हाय घेतली? त्याला इंजिनेर करायचा हुता." मी म्हटलं, अण्णा, त्याला दुकानच चालवायचंय, पण कागद स्वतः वाचून. दिवाळीच्या सुट्टीत तो मदुराईला जाणार आहे, भट्टीवर नाही, त्या तमिळ मुलाशेजारी बसायला. तिकीट अण्णांनी काढायला सांगितलं आणि पैसे माझ्याकडून घ्यायला सपशेल नकार दिला.

काल परत त्यांचा फोन आला होता. विचारत होते, त्या बी.कॉम.वाल्याला मराठी येतं का? मी म्हटलं, अण्णा, तुम्ही पंधराव्या वर्षी गेला तेव्हा तुम्हाला तमिळ येत होतं का?

"हां," म्हणाले, आणि फोन ठेवला. दीड मिनिटसुद्धा झालं नव्हतं.